‘मूर्खपणाचं शिखर’ मूळ संशोधनात नाहीच

कमी जाणणारे आपल्या कुवतीचा अंदाज फारच वरचा बांधतात, याला डनिंग-क्रूगर परिणाम म्हणतात. त्याच्या नावाने एक आलेख वर्षानुवर्षं फिरतोय. थोडंसं शिकलं की आत्मविश्वास थेट ‘मूर्खपणाच्या शिखरा’वर, मग निराशेची दरी, मग सावकाश चढ. मीही एका वादात तो समोरच्याच्या तोंडावर फेकला होता, आणि त्याची मला आजही लाज वाटते. कारण नंतर मूळ शोधनिबंध वाचला, तर त्यात तो आलेख कुठेच नाही.

जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली छापलेल्या त्या शोधनिबंधासाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण तपासली. तर्काच्या चाचणीत सर्वांत कमी गुणांचा, म्हणजे तळाचा पाव गट सरासरीने प्रत्यक्षात शंभरातल्या १२ जणांच्या पुढे होता. त्यांना वाटत होतं, आपण ६२ जणांच्या पुढे आहोत. अंदाज चुकला, तोही जबर. पण अव्वल गटाने स्वतःला त्यांच्याहून वरच धरलं होतं. म्हणजे सर्वांत कमी जाणणारा स्वतःला सर्वांत शहाणा समजतो, असं काही दिसलं नाही. शिवाय ही एका वेळची चाचणी होती, एकाच माणसाचा शिकण्याचा प्रवास नव्हे. मग शिखर आणि दरी आली कुठून?

बहुतेकांना आपण सरासरीपेक्षा थोडे बरे वाटतो, आणि तळाशी असलेल्याचा अंदाज चुकलाच तर वरच जाणार. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाचा बराच भाग एवढ्यानेच निघतो, असा आक्षेप संख्याशास्त्राच्या अंगाने घेतला गेलाय. तो वाद मिटलेला नाही.

आणि तळाचा गट म्हणजे ‘मूर्ख लोक’ नव्हेत. व्याकरणात तळाला असलेली मुलगी तर्कात पहिली येऊ शकते.