पाणी मोजायचं तर वेगही मोजावा लागतो

पावसाळ्यात बातम्यांत "धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग" असं ऐकतो ना, त्या एका आकड्यात दोन गोष्टींचा गुणाकार असतो, धारेचा आडवा छेद आणि तिचा वेग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. आता हे शाळेतलं गणित वाटतं, पण इटलीत ते पक्कं व्हायला शतकं गेलीत.

इसवी सन ९७ मध्ये फ्रोंटिनस रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. तेव्हा पाणी मोजायचं ते नळाच्या तोंडावरून, जेवढं मोठं तोंड तेवढं पाणी. त्याने दप्तर काढून सगळं पुन्हा मोजलं तर आकडे जुळेनात, चोरून लावलेले नळही सापडले. पाणी जोरात आलं की माप वाढतं हे त्याने लिहूनही ठेवलंय, पण तो जोर आकड्यात कसा धरायचा याची रीतच नव्हती, त्यामुळे त्यातलं चोरीचं किती आणि मोजमापातल्या चुकीचं किती हे त्यालाही सांगता आलं नसणार.

ती रीत १६२८ साली बेनेदेत्तो कास्तेल्ली या साधूने पुस्तकात मांडली. हा गॅलिलिओचा शिष्य. एकाच नदीत कुठेही उभे राहा, वाटेत पाणी आलं गेलं नाही तर तेवढ्याच वेळात तेवढंच पाणी पुढे जाणार, म्हणजे पात्र अरुंद झालं की वेग वाढलाच पाहिजे. हा नुसता पुस्तकी विषय नव्हता बरं का, रेनो नदीचं पाणी कुठे वळवायचं यावरून बोलोन्या आणि फेरारा या दोन शहरांत पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालू होतं, आणि पो नदीत ते सोडलं तर पातळी किती चढेल हा खरा प्रश्न होता. कास्तेल्लीचं म्हणणं, पाणी वाढलं की वेगही वाढतो, म्हणून पातळी पाण्याच्या प्रमाणात चढत नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

त्याच पो नदीचा फेराराजवळचा सरासरी विसर्ग आज सेकंदाला सुमारे १५०० घनमीटर आहे, म्हणजे ५० हजार क्युसेकच्या वर, आणि २०२२ च्या दुष्काळात तो २०० घनमीटरच्याही खाली गेला होता. विसर्गाला तिकडे पोर्ताता म्हणतात, आणि जेवणात एकामागून एक वाढल्या जाणाऱ्या पदार्थांनाही पोर्ताताच.

बिझनेसमध्येही हाच विचार चालतो. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ मध्ये सिद्ध केलं की एखाद्या जागेत सरासरी किती जण असतील ते म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा वेळ. कारखान्यातल्या अर्धवट मालाला लागू, बँकेतल्या रांगेलाही लागू. इटलीतला कॉफीचा बार घ्या, सकाळी लोक काउंटरला उभ्यानेच एस्प्रेसो पितात आणि निघतात. समजा मिनिटाला दोघं येतायत आणि पाच मिनिटं थांबतायत, तर आत दहाच माणसं, छोटीशी जागा पुरते. तीच माणसं अर्धा तास बसायला लागली तर साठ जणांची जागा लागेल, गिऱ्हाईक एकही न वाढता. बऱ्याच बारमध्ये टेबलावर बसलं की तीच कॉफी महाग पडते, त्यात वाढणाऱ्याचा पगार असतोच, पण माझ्या मते अडवलेल्या त्या खुर्चीचं भाडंही असतं.