पासपोर्ट मागायचा हक्क कुठून आला

एप्रिल १८८३मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्या वाटेत लोकांची कुजबुज आडवी आली, समुद्रबंदी आडवी आली, पैशांची चणचण आडवी आली. पासपोर्ट मात्र आडवा आला नाही. त्या काळी बोटीत बसायला तो लागतच नसे.

पहिल्या महायुद्धाने हे चित्र बदललं. हेर आणि शत्रुराष्ट्रांचे नागरिक ओळखायचे म्हणून देशोदेशीच्या सरकारांनी कागद मागायला सुरुवात केली आणि युद्ध संपल्यावरही ती सवय सुटली नाही. १९२०मध्ये पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली, तिथे पासपोर्टच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा केला. गंमत अशी की तो कायदा देशात येणाऱ्यांसाठी होता. देशाबाहेर जाणाऱ्याकडे पासपोर्ट असलाच पाहिजे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षं हेच चाललं. कागदोपत्री जायला मोकळीक होती, पण पासपोर्ट नसलेल्या प्रवाशाला बोटीत किंवा विमानात घेईल कोण? आणि तो द्यायचा की नाही हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर. नकाराची कारणं कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती, कारण तसा कायदाच नव्हता. आजोबांच्या पिढीतले लोक ‘पासपोर्ट मिळाला’ हे बक्षीस मिळाल्यासारखं का सांगत, ते यावरून कळतं.

या मर्जीला आव्हान दिलं सतवंत सिंग सॉहनी या व्यापाऱ्याने. आयात-निर्यातीचा व्यवसाय असल्याने त्यांची परदेशात सतत ये-जा असे. आयात परवान्याच्या अटी मोडल्याच्या संशयावरून चौकशी सुरू होती आणि १९६६मध्ये दिल्लीच्या पासपोर्ट अधिकाऱ्याने त्यांना पासपोर्ट परत करायला सांगितलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा काठावरच्या बहुमताने निकाल लागला: परदेशी जाणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायदा केल्याशिवाय सरकारला ते अडवता येणार नाही. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश सुब्बा राव यांचा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला. विरोधी मत देणाऱ्या दोघांत होते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले हिदायतुल्ला.

सरकारची धावपळ उडाली. मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट कायदा आला. आपण आज जो अर्ज भरतो तो याच कायद्याखाली. माझ्या मते खरी मेख त्याच्या १०व्या कलमात आहे. ‘सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी’ पासपोर्ट जप्त करण्याची मुभा त्यात आहे, आणि जनतेचं हित कशात आहे हे ठरवणार सरकारच. जुलै १९७७मध्ये याच कलमाखाली मनेका गांधींना सात दिवसांत पासपोर्ट जमा करा असं कळवण्यात आलं. कारण विचारलं, तर ते सांगणंही जनहिताचं नाही असं उत्तर मिळालं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी १९७८मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने (त्यात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते) नुसता कायदा असून भागत नाही, त्याची पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी, असं सांगितलं. कलम मात्र रद्द केलं नाही.

अर्जातले काही रकानेही असेच जुने इतिहास सांगतात. दहावीचं प्रमाणपत्र कशाला मागतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. आखातात मजुरीला जाणाऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून १९८३चा स्थलांतर कायदा झाला. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ची (‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे स्थलांतराची तपासणी हवी) नोंद येते आणि ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत ही तीन अक्षरं तोंडपाठ आहेत.

जन्मदाखल्याचा नियम तर अनेकदा कूस बदलून झाला. २६ जानेवारी १९८९पासून जन्मलेल्यांना आधी तो सक्तीचा होता. डिसेंबर २०१६मध्ये इतर कागद चालू लागले, आई-वडिलांपैकी एकाचंच नाव पुरेसं ठरलं. घटस्फोटितांची आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या आयांची केवढी दमछाक त्याने वाचली! आता १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी पुन्हा फक्त जन्मदाखलाच.

पुस्तिका छापली जाते आपल्या नाशिकरोडला. चिप असलेला देशातला पहिला पासपोर्ट २००८मध्ये प्रतिभाताई पाटलांना मिळाला होता. सामान्यांसाठी ते सुरू व्हायला २०२४ उजाडलं. शुल्क आपण भरतो, फोटो आपला, सही आपली. पण पासपोर्ट कायद्याच्या १७व्या कलमानुसार ती पुस्तिका कायम केंद्र सरकारच्याच मालकीची.