जयकरांचा ताहर आणि हजर पर्वतातलं पाणी

ओमानच्या हजर पर्वताच्या पायथ्याशी मस्कतच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी जेमतेम १०० मिमी पाऊस पडतो, तर २,००० मीटर उंचीच्या सैक पठारावर सुमारे ३०० मिमी. पायथ्याला गाफ, म्हणजे आपली शमीच. वर चढावं तसे रानऑलिव्ह आणि अगदी माथ्याकडे ज्युनिपर. अरबी ताहर, म्हणजे शेळीसारखा एक रानटी प्राणी, राहतो तो उतारांवर, त्यातही उत्तरेकडच्या, कारण तिथे ऊन कमी लागतं.

याचं शास्त्रीय नाव अराबिट्रॅगस जयकरी. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मस्कतमधले डॉक्टर आत्माराम सदाशिव जयकर लंडनच्या संग्रहालयाला प्राण्यांचे नमुने पाठवत; त्यावरून १८९४ मध्ये ही जात नोंदली गेली. एक सरडा आणि एक समुद्रघोडाही त्यांच्या नावावर आहे. नावापुरते तिन्ही ताहर भाऊबंद. जनुकं तपासल्यावर निलगिरीचा मेंढ्यांजवळचा निघाला, हिमालयाचा शेळ्यांजवळचा आणि ओमानचा उत्तर आफ्रिकेतल्या ऑडॅड या रानमेंढीजवळचा!

उन्हाळ्यात ताहराला दोन-तीन दिवसांआड पाणी लागतं, त्यामुळे झऱ्यापासून तो फार लांब जाऊ शकत नाही. माणसाचीही गत तीच. त्याने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे फलज, गावापर्यंत पाणी आणणारा कालवा. दाऊदी प्रकारात डोंगराच्या पायथ्याशी भूजलापर्यंत विहीर खणतात आणि तिथून गावापर्यंत भुयार काढतात. उतार अगदी हलका ठेवावा लागतो: जास्त झाला तर पाणी भिंती खरवडतं, कमी पडला तर गाळ बसतो. ठरावीक अंतरावरची उभी विवरं हवेसाठी आणि गाळ उपसण्यासाठी. गावात पाणी आलं की आधी पिण्याला, मग मशीद आणि आंघोळीला, नंतर खजुराच्या बागांना, उरलं तर हंगामी पिकांना. दुष्काळात पहिली काट या शेवटच्या वाट्याला बसते, कारण वाळलेला खजूर पुन्हा उभा करायला वर्षं जातात. बागांच्या पाळ्या ‘अथर’मध्ये मोजतात, एक अथर साधारण अर्ध्या तासाचा, दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून. असे पाच फलज २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जवळपास पंप लावून कूपनलिका उपसल्या, की भूजल भुयाराच्या तळाखाली जातं आणि सगळा फलज कोरडा पडतो.

ताहराची अडचण मात्र मुख्यतः शेळ्यांची. मोकाट शेळ्या त्याच उतारांवर चरतात, त्याच झऱ्यांवर येतात, रोपं वर येण्याआधीच खुडतात. त्यामुळे नुसती शिकारबंदी पुरत नाही. शेळ्या गोठ्यात बांधून चारा घालायचा, तर तो चारा पिकवायलाही फलजाचंच पाणी लागतं.