जाहिरातमुक्ती

जाहिरातमुक्ती : समाजातून, निदान सार्वजनिक जागेतून, जाहिराती हद्दपार कराव्यात अशी मागणी आणि तिच्याभोवतीचा वाद. येथे त्याचा विचार ठाणे शहर समोर ठेवून केला आहे. पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि उड्डाणपूल यांमुळे फलकवाल्यांना या शहरात मोक्याच्या जागांची वाण नाही. तीन हात नाक्याच्या सिग्नलला अडकलेल्या माणसाला तर फलक वाचण्यावाचून गत्यंतर नसते.

मागणीच्या मुळाशी दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची बहुधा गल्लत होते. पहिली अशी, की जाहिरात गरज भागवत नाही, ती निर्माण करते. अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. दुसरी तक्रार लादले जाण्याची. वर्तमानपत्राचे पान उलटता येते, टीव्हीचा आवाज बंद करता येतो. माजिवड्याच्या चौकातला फलक मात्र कोणाची परवानगी विचारत नाही.

पहिल्या तक्रारीला उत्तर आहे. अर्थतज्ज्ञ ली बेनहॅम यांनी अमेरिकेतील चष्म्यांच्या बाजाराचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. जाहिरातीला बंदी असलेल्या राज्यांत चष्मे लक्षणीय महाग होते, कारण स्वस्त दुकान कुठे आहे हे गिऱ्हाइकाला कळण्याची सोयच नव्हती. ठाणेकराला हे पटवण्यासाठी अमेरिकेत जायला नको. गडकरी रंगायतनात रविवारी दुपारी कोणते नाटक आहे, हे तो वर्तमानपत्रातले नाटकाच्या जाहिरातींचे पान काढून बघतो : नाटकाचे नाव, वार, वेळ, नाट्यगृह. या चौकटीचा दर निर्मात्यांना जड जातो, पण ती बंद झाली तर पहिला फटका नव्या, नाव नसलेल्या नाटकालाच बसेल. नावाजलेल्या नटाचा प्रयोग तोंडोतोंडीही भरतो.

भारतातील कायद्याची दिशाही अशाच, वाचकाने शोधून पाहायच्या जाहिरातीवरून ठरली. तेव्हा मुंबई-ठाणे परिसराची दूरध्वनी सेवा चालवणारे महानगर टेलिफोन निगम आणि ‘यलो पेजेस’ ही व्यवसायांच्या जाहिरातींची दूरध्वनी-सूची छापणारी टाटा प्रेस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्यापारी जाहिरातीलाही राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) चे, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण असल्याचे सांगितले. त्यामुळे सरसकट बंदी येथे टिकणे अवघड. विषयवार बंदी मात्र जुनी आहे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने, तंबाखूच्या जाहिरातींना २००३ च्या कायद्याने चाप लावला. मद्याची कंपनी सोड्याच्या नावाने, गुटख्याची वेलचीच्या नावाने परत आली, तेव्हा २०२२ मध्ये अशा आडवळणाच्या जाहिरातींवरही बंधन घालावे लागले. पळवाटा त्यानंतरही निघतच आहेत.

दुसऱ्या तक्रारीवर काही शहरांनी प्रत्यक्ष उपाय केला. ब्राझीलमधील साओ पाउलोने जानेवारी २००७ पासून रस्त्यावरचे जाहिरातफलक बेकायदा ठरवले आणि हजारो फलक उतरवले. फ्रान्समधील ग्रनोब्ल शहराने २०१४ मध्ये फलकांचा करार न वाढवता ३२६ फलक काढायला घेतले. साओ पाउलोत पुढे बसथांबे आणि रस्त्यावरची घड्याळे यांवर जाहिराती मर्यादित प्रमाणात परत आल्या, कारण त्यांचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न होताच. ठाण्यात तोच प्रश्न नेमका आडवा येतो. बसथांबा, पादचारी पूल किंवा शौचालय ठेकेदाराने बांधायचे आणि बदल्यात जाहिरातीचे हक्क घ्यायचे, ही पद्धत येथे रुळली आहे. फलक काढायचे म्हटले की बिल करदात्याच्या नावावर येते. ते द्यायची तयारी असल्याशिवाय ही मागणी पोकळ राहते.

याला सुरक्षेची बाजूही आहे. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरात, पूर्व द्रुतगती महामार्गालगतच, सुमारे १२० बाय १२० फुटांचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर आसपासच्या महापालिकांनी फलकांच्या मापांची आणि सांगाड्यांची तपासणी हाती घेतली.

मात्र ठाण्याच्या रस्त्यांवर डोळ्यांत भरणाऱ्या जाहिरातींत विक्रीचा माल नसतोच. वाढदिवस, निवड, दहीहंडी, नवरात्र, दहावीचा निकाल, निमित्त कोणतेही चालते. रचना ठरलेली : वर पक्षाच्या श्रेष्ठींचे गोल फोटो, मध्ये हात जोडलेला ‘भावी नगरसेवक’, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पासपोर्ट आकाराच्या चेहऱ्यांची रांग. फोटोचा आकार पाहून माणसाचे पक्षातले वजन सांगता येते. चौरस फुटाच्या दराने छापलेले हे फ्लेक्स रातोरात लाकडी चौकटीवर ठोकून दुभाजकावर, विजेच्या खांबावर उभे राहतात. गॅलब्रेथ किंवा बेनहॅम यांच्या युक्तिवादात त्यांना जागा नाही. येथे गिऱ्हाईक नाही, किंमत नाही, तुलना नाही. परवानगी आणि शुल्काचा नियम त्यांनाही लागू आहे, पण तो पाळणारे विरळा. म्हणून उद्या ठाण्यात जाहिरातबंदी आलीच, तर शुल्क भरून रीतसर फलक लावणारा दुकानदार आधी सापडेल आणि शुभेच्छुक शेवटपर्यंत तग धरतील, ही शंका रास्त आहे.

साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये अनधिकृत फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाच्या १९९५ च्या राज्य कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा दंड भरणे फ्लेक्सवाल्याला परवडते. महापालिकेचे पथक बहुधा सण उलटल्यावर येते, तोवर फलकाचे काम झालेले असते.