रामाची उतारी दिवसा, कृष्णाची रात्री

मे महिन्याच्या सुट्टीत दुपारची जेवणं उरकली की माजघरात सतरंजी पडायची. आजी भिंतीला टेकून एक पाय लांब करायची आणि विचारायची, "हुकूम बंद की कट?" खेळायचं की नाही हा प्रश्नच नसे, आणि डाव मेंढीकोटाचाच असे. चौथीतला नातू भिडू म्हणून समोर बसला तरी त्याला सवलत नाही. त्याने चुकीचं पान टाकलं की ती शांतपणे म्हणायची, "अरे, किलवरची राणी मघाच गेली ना?" आणि ती खरंच गेलेली असायची.

गेलेली पानं मनात धरून बसायची ही सवय बावन्न पत्त्यांपेक्षा जुनी आहे. इंग्रजी पत्ते मराठी घरांत यायच्या कितीतरी आधी इथे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, खेळत, आणि गंजिफांचा खेळ मुळात स्मरणशक्तीचा.

गंजिफा इराणातून आल्या. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या, म्हणजे १४४ पानांच्या संचाचं वर्णन केलं. पुढे रुळला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा संच. त्यात ताज होता, शमशेर होती, चंग नावाचं तंतुवाद्य होतं, आणि एका अख्ख्या रंगाचं नाव होतं गुलाम. पानं गोल. प्रत्येक रंगात एक ते दहा, त्यावर प्रधान आणि सगळ्यांच्या वर राजा. राणी नाहीच.

हा दरबारी खेळ घराघरांत शिरला तो दशावतारी होऊन. आठ रंगांच्या जागी मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आले आणि पानं झाली १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. पंजी म्हणजे पाच मासे, सत्ती म्हणजे सात. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही मोजता येतील अशी ही पानं होती, आणि मला तरी यातच या खेळाच्या घरगुतीपणाचं मूळ दिसतं. नातवाला दहा अवतार पाठ होतात, आजोबांना डाव मिळतो.

खेळायला बहुधा तिघं. १२० पानं तिघांत वाटली की प्रत्येकाला चाळीस. दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान टाकायचा मान, दिवेलागणीनंतर बसलं तर कृष्णाच्या राजाची. दहांपैकी पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान. उरलेल्या पाचांत नेमकं उलटं, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी लहान. हातात चाळीस पानं आणि डोक्यात हा उलटसुलट क्रम, शिवाय कुठल्या रंगातलं काय गेलं याचा हिशेब. कारण ज्या रंगातली वरची पानं जाऊन तुमचं पान आता सर्वांत मोठं ठरलं, ते पान म्हणजे हुकूम. गंजिफांमध्ये हुकमाचा वेगळा रंग नसतो. तो कमवावा लागतो, आणि आपल्या हाती तो आला आहे हे ओळखावंही आपणच लागतं. आज मेंढीकोटात आपण हुकूम म्हणतो तो शब्द या खेळातही आहे, फक्त अर्थ वेगळा.

महाराष्ट्रात गंजिफांचं नाव निघालं की सावंतवाडी आठवते. तिथल्या चितारी कारागिरांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, मग एकेक पान हाताने रंगवायचं. पाठीवर लाखेचा थर. तयार पान तळहातावर ठेवलं की पापडासारखं हलकं वाटतं, पण वाकत नाही. राजाच्या पानावर अवतार आसनावर बसलेला, प्रधान बहुधा घोड्यावर. ब्रश इतका बारीक चालतो की बोटभर घोड्याच्या लगामाची दोरीही दिसते. अशी १२० पानं एका संचाला.

हे हातकाम छापखान्यापुढे टिकणं कठीणच होतं. लंडनमध्ये टॉमस द ला रू यांनी १८३१ साली पत्ते रंगीत छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. बेल्जियममधलं टर्नहाउट हे गावही पत्त्यांच्या छपाईसाठी नावाजलं. स्वस्त, चौकोनी, एकसारखे बावन्न पत्ते बाजारात आले, आणि ज्या घरात गंजिफांचा संच एकदा घेऊन जन्मभर जपत, तिथे पत्त्यांचा जोड किरकोळ पैशांत मिळू लागला. शिवाय बावन्न पानं लक्षात ठेवायला सोपी, चौघांत सरळ तेरा-तेरा वाटून होतात. गंजिफा मागे पडल्या त्या काही कंटाळा आला म्हणून नव्हे.

पण नव्या पानांना आपण आपल्याच पंक्तीत बसवलं. चार रंग झाले इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर. आकड्यांची पानं दुर्री, तिर्री, पंजी, छक्की झाली, जणू मोठ्या घरातल्या मुलींची नावं. राजाशेजारी पहिल्यांदाच राणी आली. आणि गुलाम, जो मोगली गंजिफांत एका रंगाचं नाव होता, तो आता राणीच्या खाली उभा राहिला. 'तीनशे चार' खेळणाऱ्यांना मात्र ठाऊक आहे की तिथे गुलामच सगळ्यांत मोठा. तो तीस गुणांचा, नव्वी वीसची, एक्का अकराचा, दश्शी दहाची, राजा तीनचा आणि राणी दोनची. एका रंगाचे झाले शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार.

घरात किती माणसं आहेत आणि त्यांची वयं काय, त्यावर खेळ ठरत गेले. तिघंच असली तर पाच-तीन-दोन. त्यात तीस पानं, हुकूम सांगणाऱ्याने पाच हात करायचे, आणि कमी केले तर पुढच्या डावात त्याच्या हातातलं पान ओढून घेण्याचा हक्क समोरच्याला. चौघांना मेंढीकोट. चारही दश्श्या एका जोडीने घेतल्या की कोट, तेराच्या तेरा हात केले की बावनी. माणसं जास्त आणि त्यात लहान मुलं असली की बदाम सात, झब्बू, गुलामचोर. पाच वर्षांचं मूलही भिकार-सावकारात आजोबांना हरवू शकतं, कारण तिथे अक्कल लागतच नाही. म्हणून मुलाला सतरंजीवर आणायचा पहिला खेळ तोच असतो. वर्षभरात ते झब्बूपर्यंत येतं, आणि कधीतरी कोणी आजारी पडलं किंवा गावाला गेलं की मेंढीकोटातला रिकामा चौथा कोपरा त्याला मिळतो. ही बढती मुलं विसरत नाहीत.

पत्त्यांना आपल्याकडे नावं ठेवली गेलीच. 'पत्ते कुटतोय' हे कौतुकाने कोणी म्हणत नाही, आणि पैशाच्या डावांनी घरं बुडाली आहेत, त्यामुळे ते नावं ठेवणं अस्थानी नव्हतं. तरी खेळाला जागा ठेवलेली होती. कोजागरीच्या व्रतात रात्री जागून फासे खेळायला सांगितलं आहे. लक्ष्मी त्या रात्री 'कोण जागं आहे' असं विचारत फिरते आणि खेळत जागणाऱ्याला धन देते, असं तिथे म्हटलं आहे. कोकणात गणपतीच्या जागरणाला भजन आटोपल्यावर पडवीत पत्त्यांचे डाव पडतात. मुंबईहून आलेला पुतण्या आणि गावचे काका वर्षातून एकदा तिथेच एकमेकांसमोर मांडी घालून बसतात.

सावंतवाडीच्या गंजिफा मात्र संपत आल्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम जाणणारे मोजके हात उरले. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही कला शिकून घेतली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच काम सुरू केलं. आजही दरबार हॉलमध्ये कारागीर बसून पानं रंगवताना दिसतात. २०२४ मध्ये या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

कला वाचली याचं समाधान मोठं आहे. मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. संच विकत घेणारे बरेच जण तो काचेच्या कपाटात ठेवतात. पान रंगवणारे हात वाचले, पान टाकणारे कमी झाले.

गेल्या दिवाळीत आम्ही संच बाहेर काढला. काका, मी आणि नऊ वर्षांची भाची. पहिला तासभर उलट्या क्रमाचे पाच रंग कुठले यावरच गेला, आणि ते सर्वांत आधी भाचीच्या लक्षात राहिले. बसलो तेव्हा ऊन होतं, म्हणून पहिली उतारी रामाची. दुसऱ्या डावाची पानं वाटून होईपर्यंत तुळशीपाशी दिवा लागला होता. काकांनी रामाचा राजा उचलून पुढे केला, तशी ती म्हणाली, "थांबा काका, आता कृष्ण," आणि तिने आपल्या हातातलं पान खाली ठेवलं.