पहिल्या सोलोआधी (इन्स्ट्रक्टरशिवाय, एकट्याने करायच्या पहिल्या उड्डाणाआधी) आमच्याकडे येणाऱ्यांसाठी: लँडिंग होऊ का देत नाही?

पार्ल्यातल्या आमच्या विमानाच्या सिम्युलेटरवर येणाऱ्या विद्यार्थ्यांची, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांची, एक तक्रार ठरलेली आहे: "तासाचे पैसे घेतले आणि निम्मा वेळ लँडिंग होऊच दिलं नाही." तक्रार खरी आहे. आम्ही मुद्दामच होऊ देत नाही. प्रत्येकाला फोनवर समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय. सत्र बुक करण्याआधी वाचा आणि पैसे भरणाऱ्यांनाही वाचायला द्या.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण धुळे, बारामती अशा ठिकाणी उडायला शिकतात आणि पावसाळ्यात उड्डाणं रखडली की मुंबईला घरी येतात. (हाकेच्या अंतरावर जुहू असताना एवढ्या लांब कशाला, असं आजोबा मंडळी विचारतात. जुहूचा विमानतळ १९२८ चा, आणि जे. आर. डी. टाटा १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथेच, हे खरं. पण आता तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात आणि शेजारी सांताक्रूझची मोठी वाहतूक. शिकाऊ विमानाने दिवसभर घिरट्या घालायला जागा उरलेली नाही.)

मुलं येतात तेव्हा पंधरा-वीस तास उडून झालेले असतात, बॅचमधल्या कुणाची तरी सोलो झालेली असते, आणि प्रश्न असतो, "माझीच का अडकलीय?" कागदपत्रांमुळे अडकली असेल तर आमच्याकडे इलाज नाही. वय १६ पूर्ण, दहावी पास, क्लास टू मेडिकल आणि हातात एसपीएल (शिकाऊ वैमानिकाचा परवाना), यातलं काही राहिलं असेल तर लँडिंग कितीही सुंदर असो, तुम्हाला एकटं सोडणार नाहीत. ते आधी उरका.

कागद पुरे असूनही जे अडलेत त्यांना आम्ही पहिल्या सत्रात काही न सांगता एक सर्किट (उडून, विमानतळाला एक फेरी घालून पुन्हा उतरणं) मारायला लावतो. दहापैकी सात-आठ जणांचं एकच दिसतं: बिघडत चाललेलं लँडिंग त्यांना सोडून देता येत नाही.

फायनलवर, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीच्या रेषेत आल्यावर, विमान जरा उंच आहे, वेगही पाच-सात नॉट जास्त आहे. मुलाला ते कळलेलं असतं. पण सवयीने तो शेजारी बघतो, सर काही म्हणतात का? सर गप्प. म्हणजे चालतंय, असं धरून तो नाक खाली दाबतो. वेग आणखी वाढतो, विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, टेकायचं नावच घेत नाही. मग धीर सुटतो, तो दाबून टेकवायला जातो आणि विमान चेंडूसारखं उसळतं. उसळल्यावर पुन्हा नाक खाली. इथे सरांचा हात येतो आणि लँडिंग कसंबसं पार पडतं. मुलाच्या हिशेबात एक लँडिंग वाढतं. सर मात्र एवढंच बघत असतात की याच्या तोंडून न सांगता "गोइंग अराउंड" (उतरणं सोडून पुन्हा वर चाललो) निघतं का. ते निघत नाही तोवर कोणता शहाणा इन्स्ट्रक्टर दार उघडून खाली उतरेल?

तो उतरल्यावर विमानही बदलतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. पंचाहत्तर किलोचे सर उतरले की दहावा हिस्सा गेला. विमान भराभर चढतं, सर्किटची हजार फूट उंची तुम्ही तयार होण्याआधीच येते, आणि नेहमीच्याच पॉवरवर फायनलला तुम्ही उंच राहता. नेहमीच्या वेगाने आलात तरी ते जास्त तरंगतं. म्हणजे ज्या चुकीला रोज सरांचा हात वाचवत होता, ती चूक होण्याची शक्यता सर नसतानाच वाढते. त्यात नाकाखालचं चाक नाजूक. उसळलेलं विमान नाकावर आदळून प्रोपेलर जमिनीला लागला तर इंजिन उघडून तपासावं लागतं आणि विमान हँगरमध्ये जाऊन बसतं. मग तुमच्याबरोबर अख्ख्या बॅचची सोलो लांबते.

मुलं गो-अराउंडला नापास होणं समजतात. "सर, दोनदा गो-अराउंड झालं, वाईट दिसलं ना?" अहो, उलट. सोलोआधी चेकला बसणाऱ्या सीएफआयला (मुख्य इन्स्ट्रक्टरला) तेच बघायचं असतं.

आणि ते दिसतं तितकं सोपं नाही. पूर्ण थ्रॉटल (इंजिनची ताकद), कार्ब हीट (कार्ब्युरेटरची गरम हवा) बंद, फ्लॅप (पंखांमागच्या पट्ट्या) ३० अंशांवरून २० आणि चढ दिसल्यावर हळूहळू बाकीचे, हे पाठ सगळ्यांना असतं. हात चुकतो तो ट्रिमवर (कंट्रोलवरचा जोर हलका करणारं चाक). उतरताना ट्रिम मागे लावलेला असतो. पूर्ण ताकद दिली की नाक आपोआप वर उठतं आणि डावीकडे वळतं. तेव्हा कंट्रोल पुढे दाबून धरायचं, उजवा रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) द्यायचा आणि मगच ट्रिमला हात लावायचा. घाबरून सगळे फ्लॅप एकदम वर घेतले तर विमान खाली बसतं. रेडिओवर बोलायचं सगळ्यात शेवटी. आमच्याकडे दोन मुलांनी आधी माइकचं बटण दाबलं आणि नंतर थ्रॉटल. दोघंही आधीच्या बॅचचे टॉपर. (तुमच्या शाळेच्या चेकलिस्टमध्ये क्रम वेगळा असेल तर तोच पाळायचा, आमचा नव्हे.)

आमच्याकडे हेच का शिकायचं, तर सिम्युलेटरची कुवत तेवढीच आहे म्हणून. फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक हलकेच उचलताना, बुडाखाली जे जाणवतं, ते आमच्या खुर्चीत जाणवत नाही. जाणवतं असं कुणी सांगत असेल तर त्यांच्याकडे जरूर जा. आमचे तास लॉगबुकात धरले जात नाहीत, हेही आधीच सांगतो. पण "सोडायचं" हा निर्णय आणि त्यानंतरच्या चार सेकंदांत हातांचा क्रम, हे दोन्ही इथे पक्कं होतं. म्हणून आम्ही धावपट्टीवर मध्येच कुत्रं आणतो, बाजूचा वारा वाढवतो आणि बऱ्याचदा काहीच करत नाही, फक्त गप्प बसतो. गप्प बसणं मुलांना सगळ्यात जड जातं. डोंबिवलीचा एक मुलगा तिसऱ्या सत्रात वैतागून म्हणाला, "सर, काहीतरी बोला ना!" त्याच सत्रात पहिल्यांदा त्याने न विचारता थ्रॉटल पुढे ढकलला.

विमानाच्या एका तासाला दहा हजारांच्या वर मोजता, आणि तिथे एक गो-अराउंड म्हणजे आणखी एक पूर्ण सर्किट. इथे बटण दाबलं की पुन्हा फायनलवर. एका सत्रात पंचवीस सहज होतात. तेव्हा निम्मा वेळ वाया गेला की कामी आला, याचा हिशेब तुम्हीच करा.

येताना तुमच्या शाळेची चेकलिस्ट आणा आणि विमान १५२ आहे की १७२ ते बुकिंगलाच सांगा, वेग त्याप्रमाणे लावावे लागतात. घरी कॉम्प्युटरवर उडवणाऱ्यांची नजर काट्यांवर खिळलेली असते, म्हणून त्यांच्यासाठी आम्ही पहिला अर्धा तास पॅनेलवर रुमाल टाकतो. रागावू नका. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात, सकाळी सात ते दहा बहुधा मोकळं असतं. सोलो आधीच झाली तर उरलेली सत्रं क्रॉसविंडसाठी (बाजूच्या वाऱ्यातल्या सरावासाठी) वापरता येतात, पैसे बुडत नाहीत.

आणि सोलो करून खाली उतरलात की अंगावर ओतायला पाण्याच्या बादल्या तयार असणार. मोबाइल आणि लॉगबुक त्याआधी मित्राकडे द्या. भिजलेली पानं घेऊन "स्कॅन करून मिळेल का" विचारायला गेल्या वर्षी दोघं आले होते. मिळतं, आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही.