साठीनंतरची सायकल आणि गुडघे

‘साठीनंतर सायकल चालवली की गुडघ्यांची झीज होते’ असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे. वास्तविक चालताना अंगाचा भार प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर येतो, तर सायकलवर त्यातला बराचसा भार सीट पेलते. म्हणूनच गुडघ्याचा संधिवात असलेल्यांनाही हा व्यायाम अनेकदा सुचवला जातो. तरीही काहींचे गुडघे दुखतात, हे खरे, आणि त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे खाली ठेवलेली सीट (भाजी आणायला नातवाची सायकल नेली की हेच होते), कारण तेव्हा गुडघा जास्त दुमडून वाटीवर दाब वाढतो. पडताळण्यासाठी भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे आणि तळाशी आलेल्या पेडलवर टाच ठेवावी. पाय सरळ झाला, तर उंची साधारण योग्य आहे. गुडघा सुजलेला असल्यास मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.